दिवस मावळायच्या आत

मी पेणला पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. तिथल्या एका कॉलेजचं मैदान संस्थेने विकायला काढलं होतं. पोरांनी दगड उचलला नाही की घोषणा दिल्या नाहीत. मैदानातच उघडे वर्ग भरवले, ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं.

दुपारी ठाण्यात फोन आला. "कॉलेजच्या मैदानात शिकवणाऱ्या पोरीच्या पिशवीत बॉम्ब हाय. दिवस मावळायच्या आत तिला उचला." नंबर रामवाडीतल्या टपरीवाल्याचा निघाला. कुणीतरी मोबाईल मागून घेतला होता, यापलीकडे त्याला काही सांगता येईना.

मैदान रिकामं केलं. अलिबागहून बॉम्बशोधक पथक येईपर्यंत त्या कापडी पिशवीकडे बघत उभा होतो. पिशवीत खडू आणि डबा निघाला.

महिला हवालदारासमोर मुलीची चौकशी सुरू केली. कासूकडच्या वाडीवरची, मजुराची पोर. मी विचारलं, "दिवस मावळायच्या आत, असं कुणी का म्हणावं?"

"बाईमाणसाला सूर्य मावळल्यावर सहसा अटक करता येत नाय, साहेब. तोच माझा उद्याचा धडा हाय. अजून कुणी ऐकला नाय. घरी बाबासमोर तेवढा बोलून बघितला..." तिने जीभ चावली.

बापाला बोलावलं.

"व्हय साहेब, मीच केला फोन. मैदान घेणाऱ्या जमीनवाल्याची माणसं वाडीवर आली होती. आज संध्याकाळी पोरीला बघून घेतो म्हणाली. तुमच्या कोठडीत असली तर जिती तरी राहील."

गुन्हा नसताना तिला आत ठेवणार कसं? खोट्या फोनबद्दल त्याला समज दिली आणि दोघांना जीपमधून घरी न्यायला निघालो. वाडीच्या तोंडाशी दोन मोटारसायकली उभ्या होत्या. "हीच ती माणसं," बाप म्हणाला. जीप बघून ती माणसं पळाली नाहीत. हसून म्हणाली, "नमस्कार साहेब." पळाली असती तर बरं वाटलं असतं. त्यांना ताब्यात घेतलं, प्रतिबंधक कारवाई केली आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर बंदोबस्त लावला.

पोरीने धडा शिकवला. मधूनमधून रस्त्याकडे बघत होती, तरी पुरा केला.

लोक पोलिसांना घाबरतात याचा मला उगाच अभिमान होता. आम्ही घाबरवतो हे खरं, पण धीर द्यायचा तर तिथे कायम असावं लागतं, हे त्या दिवशी कळलं. बाप कुंपणाशी उभा होता. मी म्हटलं, "आता काळजी करू नका."

त्याने हात जोडले आणि विचारलं, "साहेब, तुमची बदली कधी हाय?"