पंचवटीतला मेंढीकोट

मनमाडला गाडीतून उतरले आणि नाशिकची एसटी धरली. निफाडच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. पंचवटीत रिक्षावाल्याने भाजीबाजाराच्या तोंडाशीच सोडलं. "पुढं गल्लीत रिक्षा नाय जायची, ताई." कोथिंबिरीच्या ढिगांतून वाट काढत मावशीचं घर गाठलं. मिसळ आली, तीही पापडासकट. आम्हा सांगलीकरांना मिसळीवर पापड हा आगाऊपणा वाटतो, पण खाल्ला.

मावशीचे यजमान, अप्पा, दर मंगळवारी मेंढीकोट खेळायला जातात. मी सोबत निघाले. एका मंगल कार्यालयाच्या माडीवर हा अड्डा भरतो. खेळ सोपा: दोघं विरुद्ध दोघं, आणि मेंढ्या (दश्श्या) जिंकायच्या. नियम मात्र कडक. हातात उतरलेल्या रंगाचं एकच पान असेल, तर ते विचार न करता टाकायचं. उगाच थांबून समोरच्याला फसवलं, तर त्या दिवसापुरतं बाहेर. भिंतीकडे दोन म्हातारे नुसते बघत बसले होते. "विसरायला लागले," अप्पा हळूच म्हणाले. "त्यांना आता पानं वाटत नाहीत. कधीच."

मी अप्पांच्या मागे बसले. विरुद्ध जोडीतल्या सानपबाईंनी बदामचा राजा उतरला. अप्पांकडे बदामची एकटी तिर्री होती, मला स्वच्छ दिसत होती. तरी अप्पा थांबले. पानांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि शेवटी तिर्री टाकली. बाईंचे जोडीदार देवरे सर गालात हसले. अप्पा अडखळले, म्हणजे एक्का त्यांच्याचकडे आणि तो त्यांनी राखून ठेवला, असा हिशेब करून त्यांनी राजावर बिनधास्त दश्शी दिली. अप्पांचे जोडीदार झनकर, निफाडचे बागायतदार. त्यांनी एक्का टाकून मेंढी उचलली.

"लय भारी, अप्पा," झनकर म्हणाले.

"थांबा," देवरे सर म्हणाले. "अप्पा, पानं दाखवा."

अप्पांनी पानं उलटली. बदामचं दुसरं एकही पान नव्हतं.

"एकट्या पानाला एवढा विचार? मुद्दाम केलंत की सुचेना?"

सगळे अप्पांकडे बघू लागले. अप्पांनी भिंतीकडे पाहिलं.

"मुद्दाम केलं," ते म्हणाले. "लबाडी केली. चुकलो."

मेंढी परत गेली. अप्पांना दिवसभरासाठी उठवलं. झनकरांनी मान फिरवली. इतक्या वर्षांचा जोडीदार, त्यांना ते फार लागलं असावं.

आम्ही गोदावरीच्या काठाने परतलो. अप्पा म्हणाले, "राजा कुठल्या रंगाचा पडलाय, तेच डोक्यात राहीना गं. बघायचो आणि निसटायचं."

"मग खरं का नाही सांगितलंत?"

"लबाडाला पुढच्या मंगळवारी पानं मिळतात."

घरी मावशीने विचारलं, इतक्या लवकर कसे आलात? अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "लबाडी केली म्हणून काढलं," मीच सांगून टाकलं. मावशीने त्यांना धारेवर धरलं, या वयात शोभतं का, चार लोकांत नाक कापलंत. अप्पा खाली मान घालून वरणभात कालवत होते. इतक्या समाधानाने बोलणी खाणारा माणूस मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी परत निघाले. एरवी मला खोटं बोलणं जमत नाही, या वेळी त्याचं काही वाटलं नाही. वाईट वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ही लबाडी अप्पांना आणखी किती मंगळवार पुरणार, तेवढंच सांगलीपर्यंत मनात येत राहिलं.