नळीतलं पाणी

निवृत्त झाल्यावर मी एक खूळ डोक्यात घेतलं. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या लहान गावांत खासगी गॅस कारखाने असत, त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचायचं. गावातलेच दुकानदार, डॉक्टर, वकील एकत्र येऊन कारखाना काढत. बंद भट्टीत कोळसा तापवून गॅस करायचा, पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी टाकीत साठवायचा आणि नळ्यांतून दिव्यांना पुरवायचा. आयुष्यभर शाळेत राजे आणि तह शिकवले. हे कधी शिकवायला मिळालंच नाही.

त्याच सुमारास माझ्या थोरल्या जाऊबाईंनी राजोडीजवळच्या आमच्या वाडीत गोबरगॅसची टाकी बांधली. गोठ्यात म्हशी, त्यामुळे शेण भरपूर. घरात पुरून गॅस उरायला लागला, तेव्हा त्यांनी तो शेजारच्या घरी द्यायचं ठरवलं आणि स्वतः उभं राहून केळीच्या बागेतून नळी पुरून घेतली.

थोडे दिवस बरं चाललं. मग शेजारच्या काकू तणतणत आल्या. "शेगडी फुरफुरते आणि विझते. भात कच्चा राहिला माझा. सिलिंडरच बरा!"

"कशाला नसती उठाठेव?" दीर म्हणाले. "काढून टाक ती नळी."

"नळी निघणार नाही," जाऊबाई म्हणाल्या. "गॅस इथून सुटतो आणि तिथे पोचत नाही, म्हणजे मधेच अडतोय. कुठे ते शोधायचं."

त्यांनी कुदळ उचलली, तेव्हा मला एकदम वाचलेलं आठवलं. त्या गावांतले दिवेही असेच फडफडायचे. गॅसमधली वाफ थंड होऊन नळीच्या खोलगट भागात पाणी साचायचं.

"जाऊबाई, सगळी नळी खणू नका. जिथे ती खाली गेलीय तिथेच बघू."

"तुला काय ठाऊक?"

"वाचलंय. त्या कारखान्यांचीही हीच रड होती."

"मग घे फावडं."

पहिल्या जागी काहीच सापडलं नाही. माझ्या हाताला फोड आले, पण जाऊबाई थांबेनात, मग मी कशी थांबणार? पाण्याच्या पाटाखाली मात्र नळी चांगलीच दबली होती. टाकीची तोटी बंद करून जोड सोडला, तसं घाण वासाचं पाणी भसकन बाहेर आलं. तिथे पाणी काढायला आम्ही एक छोटी तोटी बसवून घेतली.

काकूंच्या शेगडीवर निळी ज्योत स्थिर राहिली. त्यांनी लगेच तिच्यावर आमच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.

आता पलीकडच्या घरानेही गॅस मागितलाय. या वेळी चर खणायच्या आधी जाऊबाई आणि मी दोरी ताणून उतार बघतोय.