आधी सही, मग लुगडं

मागच्या आठवड्यात केशोरीकडच्या आमच्या गावात मंडई होती... आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात शाळेतल्या मुलींचं लसीकरण! त्या तारखेला मान डोलावणारी शहाणी मीच.

मी गोंदिया शहरात वाढलेली, या गावच्या शाळेत यंदाच आले. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, घरोघरी पाहुणे येतात, दिवसा दंडारीचं लोकनाट्य रंगतं, हे सगळं ठाऊक होतं. पण आमची मंडई नेमकी कधी, हे कुणाला विचारायचं मात्र सुचलं नाही... आरोग्य केंद्रातल्या हिंदी बोलणाऱ्या सिस्टरही नव्याच.

लस गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी, चौदा वर्षांच्या मुलींसाठी. सक्ती अजिबात नाही. आईवडिलांपैकी एकाची संमती असेल तरच टोचायची, असा नियम. घरोघर फिरून माझे पाय दुखायला लागले तेव्हा मी या नियमाला मनातल्या मनात भरपूर बोलून घेतलं. सक्ती करा आणि मोकळे व्हा ना... कशाला हवा हा सह्यांचा खेळ?

बहुतेक घरी एकच उत्तर. "मंडई होऊ द्या मॅडम, मंग पाहू." स्पष्ट नाही म्हणाले ते एकटे सोमाजीभाऊ.

आणि नेमकी त्यांचीच मुलगी रजनी लस घ्यायला सगळ्यात उतावीळ. तिची आई चार वर्षांपूर्वी याच कॅन्सरनं गेली. पुढच्या महिन्यात रजनीला पंधरा वर्षं पूर्ण होणार, म्हणजे सरकारी लसीची तिची संधी जवळजवळ हीच.

सोमाजीभाऊ माणूस लाख. धानाची शेती सांभाळून एकट्यानं पोर वाढवली. पण मंडईत सोयरिकीही जुळतात, आणि त्यांची भीती तीच होती. "पोरीले काहीतरी टोचलं म्हणून उद्या लोक नावं ठेवतीन. तुम्ही काऊन एवढ्या मागे लागून राहिल्या?" मी चौदा वर्षांच्या पोरीच्या सोयरिकीवरून दोन शब्द सुनावले. ते हसले, चहा पाजला... आणि सही काही दिली नाही.

मंडईच्या दिवशी शाळेचा एक वर्ग दंडारीच्या मंडळींना तोंडं रंगवायला दिला होता. किल्ली माझ्याकडे, म्हणून मीही तिथेच. सोमाजीभाऊ दंडारीत बाईचं काम करतात हे मला तेव्हा कळलं. अर्ध्या तोंडाला पावडर, डोळ्यांत काजळ, अंगात पोलकं आणि खाली हाफ पँट... मी हसू दाबत खिडकीबाहेर पाहत बसले.

तेवढ्यात रजनी आली. काखेत हिरवं लुगडं. हे दरवर्षीचं ठरलेलं... लुगडं तिच्या आईचं, आणि बाबांना नेसवून देणार तीच. दुसऱ्या कुणाला निऱ्या जमत नाहीत म्हणे.

भाऊंनी हात पुढे केला. रजनीनं लुगडं पाठीमागे लपवलं.

"आधी सही करा बाबा. मंग लुगडं."

अख्खा वर्ग हसला. बाहेर ढोलकी सुरू झाली होती, लोक हाका मारत होते. भाऊ आधी रागावले, मग लाडीगोडी लावून पाहिली. पोरगी जागची हलेना. शेवटी म्हणाली, "आई असती तर तिनं केली असती."

भाऊ बाकावर बसले. त्यांनी मला हळूच विचारलं, "मॅडम... तिले झालता तोच रोग का हा?" आई कशानं गेली हे त्यांना माहीत होतं. पण ही लस त्याच रोगावरची आहे, हे मी इतक्या चकरा मारूनही त्यांच्यापाशी नीट बोललेच नव्हते... आईचा विषय नको म्हणून कॅन्सरचं नावच टाळलं होतं.

"हो भाऊ, तोच."

त्यांनी काजळाचे डोळे पुसले, सगळं गालावर आलं. मग माझ्याकडून कागद घेऊन सही केली आणि उभे राहिले. "नेसव बापा."

आरोग्य केंद्रात सिस्टर एकट्याच बसल्या होत्या. दारात एक मिशीवाली बाई, हिरवं लुगडं, गालावर काजळ, हाताला धरलेली मुलगी. सिस्टर बघतच राहिल्या. मग गोंधळून म्हणाल्या, "मम्मी-पापा में से कोई आया है क्या?"

भाऊंनी पदर सावरला. "दोघंबी आलो जी."

सुई टोचताना रजनी हूं की चूं नाही. डोळे मिटून घेतले ते भाऊंनी. अर्धा तास तिथेच थांबायला सांगितलं तेव्हा दंडारीचे लोक शोधत आले, पण भाऊ काही पोरीला सोडून उठले नाहीत. मग उशिरा रंगमंचावर चढले आणि भर प्रवेशात सवाल टाकला, "बायांनो, माही पोरगी टोचून आली. तुमच्या कायले बसून राहिल्या?"

पाहुण्यांसकट हशा पिकला. आणि एकेक जण पोरींना घेऊन निघाला... सिस्टरना चहा प्यायला फुरसत मिळाली नाही.

त्या सहीच्या नियमाला मी पुष्कळ बोलले होते, पण आता कुरकुर नाही. सक्ती असती तर रजनीला लस मिळालीच असती. बाप-लेक आईबद्दल बोलले असते का, कोण जाणे...

काल वर्गात रजनीला विचारलं, दंड दुखतो का गं? म्हणाली, "नाही मॅडम. बाबाच विचारून विचारून दुखवून राहिले."