कुत्रीजवळ बसण्याचे पैसे

बायको गेल्यानंतरची पहिली दिवाळी मी घरातच काढली. दुसऱ्या दिवाळीच्या आधी मुलाचा बंगळूरहून फोन आला. सुनेला सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. "या वेळी आम्हाला नाशिकला येता येणार नाही, बाबा. तुम्हीच या. चांगले आठ-दहा दिवस राहा," तो म्हणाला.

मला जायचं होतं. अडचण एकच होती, आणि ती त्या वेळी माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपली होती.

ही कुत्री खरं तर बायकोची. काही वर्षांपूर्वी बायको वणीला देवीला गेली होती. येताना एसटी स्टँडवर सापडलेलं हे पिल्लू पदरात गुंडाळून घेऊन आली. साधी गावठी, तांबूस रंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला. फ्लॅटमध्ये कुत्रं कसलं पाळायचं, असं माझं म्हणणं होतं. बायकोने माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि पिल्लाला वाटीत दूध दिलं. विषय तिथेच संपला.

बायको घरी शिवणकाम करायची. कुत्री दिवसभर शिलाईमशीनच्या टेबलाखाली, तिच्या पायांशी पडलेली असायची. बायको गेल्यावर बरेच दिवस ती तिथून उठेना. मग हळूहळू माझ्या मागे फिरायला लागली. मी बोलका माणूस नाही. मी ताटली ठेवायचो, ती खायची. सकाळ-संध्याकाळ आम्ही पाथर्डी फाट्याच्या बाजूला चक्कर मारून यायचो. असं आमचं दोघांचं जमलं होतं.

गंगापूर रोडच्या पुढे कुत्री ठेवून घेणारं एक ठिकाण आहे असं कळलं, म्हणून जाऊन बघून आलो. जागा स्वच्छ होती, माणसंही प्रेमळ वाटली. पण प्रत्येक कुत्र्याला जाळीचा वेगळा पिंजरा. आमची कधी पिंजऱ्यात राहिली नव्हती. दिवसाचे सहाशे रुपये म्हणाले. पैशांचं काही नव्हतं, पण त्या पिंजऱ्यात तिला सोडून मी विमानात बसलोय असं चित्र काही डोळ्यांपुढे येईना. विचार करून सांगतो म्हणालो आणि परत आलो.

माझा जेवणाचा डबा खालच्या मजल्यावरून येतो. तिथल्या ताई क्लासच्या मुलांना आणि माझ्यासारख्या एकट्या माणसांना डबे देतात. वर डबा आणून द्यायचं काम त्यांच्या मुलीचं. नववीतली मुलगी, उंच, चष्मा लावणारी, जिना कधी चालत न चढणारी. त्या संध्याकाळी ती डबा घेऊन आली तेव्हा मी सहज म्हणालो, की बंगळूरचं काही जमेलसं दिसत नाही.

तिने डबा टेबलावर ठेवला, खाली बसून कुत्रीच्या पडलेल्या कानामागे खाजवलं आणि विचारलं, "मी राहू का हिच्याजवळ? मला सुट्टीच आहे."

"तू?"

"हो. सकाळी फिरवून आणीन, दिवसा इथेच बसून सुट्टीचा अभ्यास करीन. रात्री आई आणि मी दोघी झोपायला येऊ. पण आजोबा, पैसे किती देणार?"

मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. सातपूरच्या एका कारखान्यात मी नोकरीचा सगळा काळ काढला. तिथे नवीन लागलेली मोठमोठी पोरंसुद्धा हा प्रश्न विचारताना जमिनीकडे बघायची. ही सरळ माझ्याकडे बघत होती.

मी तिला गंगापूर रोडचा दर सांगितला. "तुलाही तेवढेच देतो."

तिने मान हलवली. "तेवढे नको. त्यांच्याकडे डॉक्टर असतो. मला इंजेक्शन बघूनच चक्कर येते. निम्मे द्या."

"निम्मे कमी होतात. तू दिवसभर अडकून पडणार."

"मग साडेतीनशे."

"चारशे."

"आजोबा, तुम्ही उलटं करताय," ती हसत म्हणाली. "साडेतीनशे. ठरलं ते ठरलं, मग मागाहून बदलायचं नाही."

मी एकच अट घातली. काहीही झालं तरी मला खरं सांगायचं, मी काळजी करीन म्हणून लपवायचं नाही. तिने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई वर आली. हाताला पीठ तसंच होतं.

"काका, ही तुमच्याकडे पैसे मागून आली म्हणे! मला तर कुठे तोंड लपवू असं झालं. शेजारी राहतो आपण. कुत्रीला दोन वेळा खायला घालायचं, त्याचे कसले पैसे?"

मी त्यांना बसवलं आणि चहा टाकला. बायकोचं मशीन अजून खिडकीशीच आहे. त्याच्याकडे बोट दाखवून मी त्यांना ब्लाउजची गोष्ट सांगितली. नात्यातल्या, ओळखीतल्या बायका ब्लाउज शिवून घ्यायच्या आणि आपल्यात काय पैसे, असं म्हणत हसत निघून जायच्या. बायको कुणाला काही बोलायची नाही. पण लग्नसराईत तिची पाठ धरायची, आणि गरम पाण्याची पिशवी मी भरून द्यायचो, म्हणून मला ते ठाऊक. एक दिवस तिने मुलाची जुनी पाटी काढली, खडूने लिहिलं, 'घरच्यांनाही शिलाई पडेल', आणि पाटी मशीनला टेकवून ठेवली. दोघीजणींनी येणं बंद केलं. बाकीच्या येत राहिल्या. पैसे द्यायला लागल्यावर त्या शिलाईची तारीफही करायला लागल्या, हे बायको फार मजेने सांगायची.

ताई हसल्या, पण पटलेलं दिसत नव्हतं.

"तुमच्या डब्याचे पैसे तर मी देतोच की दर महिन्याला," मी म्हणालो.

"तो माझा धंदा आहे, काका."

"आणि हे तिचं काम आहे."

चहा संपवून त्या उठल्या. दारात चपला घालताना म्हणाल्या, "बघा काय ते. पण तिला लाडावून ठेवू नका."

मी निघालो त्या दिवशी कुत्री दारापर्यंत आली आणि थांबली. मुलीने तिचा पट्टा धरला होता. मी मागे वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर निघालोच नसतो.

बंगळूरला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"आजोबा, तुम्ही खरं सांगायचं म्हणाला होतात म्हणून सांगते. तुम्ही गेल्यापासून हिने काहीच खाल्लं नाही. दूध-पोळी दिली, अंडं दिलं. वासही घेत नाही. नुसती दाराकडे तोंड करून बसलीये."

मी सोफ्यावर बसलो. मुलगा स्वयंपाकघरात पोहे करत होता, सून आतल्या खोलीत आडवी झाली होती. आणि मला आठवलं, की बायको हिला जेवायला बोलवायची तेव्हा तिच्या माहेरच्या बोलीत बोलवायची. बायको सटाण्याकडची. आमच्याशी, सोसायटीत ती सगळ्यांसारखंच बोलायची. अहिराणी फक्त आईशी फोनवर आणि या कुत्रीशी. मी सिन्नरचा. मला ती कळायची, पण मी कधी बोललो नव्हतो.

"आजी हिला जेवायला वेगळ्या भाषेत बोलवायची," मी म्हणालो. "तसं बोलून बघ."

"काय बोलायच्या आजी?"

मी सोफ्यावरून उठून खिडकीशी गेलो. दीड-पावणेदोन वर्षांत आमच्या घरात ते वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. मुलगी पलीकडे थांबून राहिली. तिने घाई केली नाही.

"आठे ये, मनी बाय," मी म्हणालो. "खाई ले वं."

"आठे म्हणजे?"

"इथे. इकडे ये."

"आणि मनी? मनी म्हणजे पैसे?"

"नाही गं. मनी म्हणजे माझी. माझी पोर."

ती दोन-तीन वेळा म्हणून बघत होती, मी सुधारत होतो. 'वं' जरा लांबव, असं सांगत होतो. बोलता बोलता वर पाहिलं तर मुलगा दारात उभा होता, हातात झारा तसाच. त्याचे डोळे भरून आले होते.

"आई अशीच म्हणायची," तो म्हणाला. "मलाही असंच बोलवायची, लहान असताना, तुम्ही कामावर गेलात की. परत म्हणा ना, बाबा."

मी परत म्हणालो. त्याची आई गेल्यापासून आम्ही दोघं फोनवर रोज बोलत होतो, औषधांबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल, पेन्शनबद्दल. तिच्याबद्दल नाही. त्या सकाळी पोहे खाली लागले आणि आम्ही तिघं बराच वेळ तिच्याबद्दल बोलत बसलो. सूनही बाहेर येऊन बसली. ती विचारत होती, आम्ही सांगत होतो. सटाण्याच्या आजीच्या घरची गाय, तिथलं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं जेवण, असं काय काय.

तिकडे नाशिकला कुत्रीने लगेच काही ताटलीकडे धाव घेतली नाही. मुलीने सांगितलं, की शब्द ऐकून तिने मान वळवली, उभा कान आणखी उभा झाला, आणि ती दारापासून उठून मुलीजवळ येऊन बसली. संध्याकाळी माझ्या फोनवर एक फोटो आला. चाटूनपुसून स्वच्छ केलेली ताटली.

लक्ष्मीपूजनाची मला धास्ती होती. फटाक्यांना ती फार घाबरते. मी मुलीला सांगून ठेवलं होतं, की अंधार पडायच्या आत खिडक्या लावून घे, टीव्ही मोठ्याने लाव आणि तू घरी पूजेला जा. सणाचा दिवस आहे, तिच्यापायी अडकून बसू नकोस. रात्री जेवणाआधी मी फोन केला, तो कुणी उचलेना. पुन्हा केला, तेव्हा तिच्या आईने घेतला.

"ती वरच आहे, काका. पूजेला आली, आरती झाली, आणि कुत्रीचं भुंकणं ऐकून परत वर पळाली. नवा ड्रेस तसाच घडी करून ठेवलाय. मी आत्ताच करंज्या देऊन आले. मशीनच्या टेबलाखाली बसलीये, कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन, तिच्या कानांवर हात ठेवून. तुमचं ते आठे ये, आठे ये चाललंय तिचं." मग म्हणाल्या, "मैत्रिणी खाली हाका मारत होत्या. गेली नाही."

त्यांच्या आवाजात तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळलं नसावं.

मी परत आलो तेव्हा कुत्रीने मला दारातच आडवं पाडायचं बाकी ठेवलं. संध्याकाळी मुलगी डबा घेऊन आली, मागून तिची आईही आली. मी पाकीट तयार ठेवलं होतं. ठरलेले पैसे त्यात होते आणि लक्ष्मीपूजनाचे दुप्पट धरले होते. मुलीने पाकीट उघडलं, बघितलं आणि वरच्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या.

"हे जास्त आहेत."

"ते सणाचे. कारखान्यातसुद्धा सणाला काम केलं की दुप्पट मिळायचे."

"पण ते काम नव्हतं, आजोबा. तुम्ही सांगितलं होतं ते मी केलं होतं. खिडक्या लावल्या, टीव्ही लावला, आणि घरी गेले. नंतर आले ती माझी मी आले."

"मग तर जास्तच द्यायला हवेत."

"नाही ना. तेव्हा मला तिच्याजवळ बसायचं होतं." ती चष्मा सारखा करत होती. तिला नीट सांगता येत नव्हतं, पण नोटांवर ठेवलेला हात ती हलवत नव्हती. "त्याचे पैसे घेतले तर कसंतरी वाटेल मला."

दारात उभ्या आईला वाटलं, आपलंच म्हणणं खरं ठरतंय. "तेच तर मी म्हणत होते. मग बाकीचेही परत दे."

"बाकीचे का? बाकीचे माझे आहेत!" मुलगी पाकीट छातीशी धरून म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो.

मी टेबलावरच्या नोटा उचलून खिशात ठेवल्या. आणखी आग्रह केला असता तर त्या संध्याकाळी तिने कुत्रीला जे दिलं होतं, त्याची किंमत मी ठरवल्यासारखं झालं असतं. बंगळूरहून आणलेला म्हैसूरपाक मात्र तिने घेतला, आणि उभ्या उभ्या तिथेच एक वडी खाल्ली.

त्या पैशांतून तिने बॅडमिंटनची रॅकेट घेतली. घरचे तिला 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' म्हणत होते. नवी रॅकेट दाखवायला ती वर आली, तेव्हा कुत्रीने आधी रॅकेटचा वास घेतला आणि मग तिच्या मुठीवरची पट्टी चावायला सुरुवात केली. मुलगी ओरडली, पण हसतच.

जानेवारीत मला नात झाली. मुलाने या वेळी महिनाभरासाठी बोलावलं. मी मुलीला विचारलं, तर ती कॅलेंडरसमोर उभी राहून विचार करायला लागली. शाळा होती, त्यामुळे ती फक्त संध्याकाळी, रात्री झोपायला आणि रविवारीच येऊ शकणार होती. "वेळ कमी देणार म्हणजे दरही कमी," ती म्हणाली. "पण सकाळचं काय?"

तिची आई डब्याची पिशवी न्यायला आली होती, त्या दारातच घुटमळल्या. कुत्री उठून त्यांच्याजवळ गेली आणि पायाला अंग घासून उभी राहिली. त्यांनी वाकून तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सकाळचं मी बघते, काका. पण माझे पैसे वेगळे लावा हं. हिच्यात मिळवू नका."

मी हो म्हणालो, आणि त्याच रात्री तिकीट काढलं.