पुढचं एक, मागचं दुसरं

चार वर्षांपूर्वी मी अगदीच अल्लड होते. एकसष्टावं सरत आलं होतं, दात सगळे शाबूत होते, आणि सायकलच्या चाकांच्या दोन जोड्यांमधलं उजवं-डावं आपल्याला एका फेरीत कळेल अशी माझी खात्री होती. त्या पोरीची आठवण आली की आज मला हसू आवरत नाही.

सायकल नातीची. नाशिकला कॉलेजात असताना तिने ती घेतली आणि पुण्याला नोकरीला गेली तेव्हा आमच्या ओसरीत ठेवून गेली. बारीक टायरची, वाकड्या हँडलची, सडकेवर पळवायची सायकल. आधी मी तिच्यावर टॉवेल वाळत घालायचे. मग एक दिवस बसले. मग उतरलेच नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण उतरले, आणि तेही कुठे, तर तोरणमाळच्या घाटात, तिसऱ्या वळणावर, पाय टेकवून. माझे यजमान मागून पिकअप चालवत येत होते. त्यांनी सायकल मागे टाकली, मला पुढे बसवलं. आणि गाडी तिथूनच घराकडे वळवली.

मुलगा नंदुरबारला ऑफिसात. त्याने ऐकलं आणि फार समजूतदारपणे म्हणाला, "आई, ही आता विकून टाकू. घरात बसल्या जागी पायडल मारायचं मशीन मिळतं, ते आणू. व्यायाम तोच की."

जागची न हलणारी सायकल! मी म्हटलं, "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांब. एकदा पाय न टेकवता वर जाते. नाही जमलं तर आण तुझं मशीन." तो हसला. आई म्हणतेय तर म्हणू दे, असलं हसू. मला त्या हसण्याचा राग आला आणि वर्षभर तो राग मी नीट सांभाळून ठेवला.

नातीने पुण्याहून ट्रॅव्हल्सने एक मोठं खोकं पाठवलं. आत दोन चाकं. काळी कुळकुळीत, कार्बनची, रिम तळहाताएवढी उंच. सोबत त्यांना चालणारे ब्रेकचे रबरही होते. आमची मूळची चाकं साधी, अ‍ॅल्युमिनियमची, बुटक्या रिमची, भरपूर तारांची. शेजारी शेजारी भिंतीला टेकवली तर एक जोडी लग्नाला निघालेली आणि एक शेतावर.

फोनवर नात म्हणाली, "आजी, नुसतं दिसण्यावर जाऊ नको. दोन्ही चालवून बघ. पण एकावेळी एकच गोष्ट बदल. टायर तेच, हवा तेवढीच, रस्ता तोच, वेळ तीच. नाहीतर तुला काहीच कळणार नाही."

"मला शिकवतेस?" मी म्हटलं. नवी नवरी होते तेव्हा सगळ्यांत जास्त वाजणारी जोडवी मी हट्टाने घेतली होती, गल्लीच्या या टोकाला पाय टाकला की त्या टोकाला सासूला कळायचं. या बाईला दिसण्यावर जाऊ नको म्हणून सांगायचं! काळ्या चाकांचं फ्रीव्हीलही तसंच. पायडल थांबवलं की टर्रर्र असं वाजायचं की बांधावरचे बगळे उडायचे. मी त्या आवाजावर भाळले होते, हे मात्र नातीला सांगितलं नाही.

तरी सांगितलेले सगळे नियम पाळले. घाटाखालच्या राणीपूरपर्यंत पिकअपमध्ये जायचं, उजाडताना तिथून सुरू करायचं, घाटाच्या पहिल्या वळणावर थांबायचं. टायर काढून दुसऱ्या जोडीला चढवायचे, पंपावरचा काटा बघून हवा भरायची. पाण्याची बाटलीसुद्धा काठोकाठ, दोन्ही वेळा.

पहिली फेरी साध्या चाकांवर, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकी माहेरी, झाडाला झोके आणि ताटात आमरस नि खापरावरचे मांडे. मी दोन दिवस हात आखडता घेतला नव्हता. पहिल्या वळणापर्यंत अशी गेले की मागून येणाऱ्या यजमानांना पहिल्यावरून दुसरा गिअर टाकावा लागला.

दुसरी फेरी काळ्या चाकांवर, आठवड्याने. निम्म्या चढावरच डोळ्यांसमोर काजवे. वळण आलं तेव्हा मला सडकेकडेचा दगड गादीसारखा दिसत होता. घरी येऊन तडक फोन लावला. "तुझं कार्बन काही कामाचं नाही. नुसता दिखावा. परत पाठवते."

"असं कसं? आजी, सगळं सारखं ठेवलं होतंस ना?"

"सगळं. बाटलीसकट."

"आणि खाऊन काय गेली होतीस?"

यजमान दारात उभे होते, सुपारी कातरत. म्हणाले, "एकादशी व्हती. पानीवर उपास. सांग नं तिले."

पलीकडून पोरगी इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मी यजमानांवर उखडले, "तुम्हले मालूम व्हतं तं बोलनात का नही?"

"बोलीसन काय फायदा? तू कोनं ऐकस?" आणि सुपारी तोंडात टाकून वर म्हणाले, "मी तं इचार करी ऱ्हायनू, उपास चाकना व्हता का तुन्हा?"

अशी ती एकसष्टाची पोर. टायर सारखे, हवा सारखी, पाणी सारखं. सगळं सारखं ठेवलं, एक स्वतःला सोडून.

चार दिवस मी सायकलवर पुन्हा टॉवेल वाळत घातले. मग कंबर कसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी दोन्ही फेऱ्यांना आदल्या रात्री कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि वांग्याचं भरीत, सकाळी दोन केळी. झोपही नऊच्या ठोक्याला, यजमान टीव्ही लावून बसले तरी. आता जे कळलं ते सरळ होतं. चढावर दोन्ही जोड्यांत म्हणावा तसा फरक नाही. घाट चढायचा तो माझ्या पायांनीच. सपाटीवर काळी चाकं खरोखर उडतात, एकदा पळाली की थांबायचं नाव नाही. पण प्रकाशा गावाच्या पुलावर, तापीवरून आडवा वारा आला तेव्हा पुढच्या उंच रिमने तो शिडासारखा पकडला आणि हँडल माझ्या हातातून ओढलं. मी कठड्याकडे सरकले. मागच्या चाकाला तोच वारा लागत होता, पण त्याने काही केलं नाही. हँडल पुढच्या चाकाला असतं, मागच्याला नाही, एवढी साधी गोष्ट. उतारावरही काळ्या रिमवर ब्रेक दाबला की चरचर आवाज आणि जळका वास. साध्या रिमवर ब्रेक मुकाट लागायचा.

मी नातीला कळवलं, "पुढे जुनं लावते, मागे तुझं."

"आजी! सेट असतो तो. जोडीने लावतात."

"मन्हं लगीन कोठे सेटमा व्हयनं? एक उंच, एक बुटका. चालनं नं इतला वरीस?"

बुटका आतून ओरडला, "माले आईकू येस!"

मग नातीने सरळ विचारलं, चढावर फरक नाही तर मागे तरी कार्बन कशाला? दुसऱ्या कोणाला मी वाऱ्याचं आणि वजनाचं काहीतरी सांगितलं असतं. तिला खरं सांगितलं. ते चाक चुगलखोर आहे. पाय चालू असला की गप्प, पाय थांबला की टर्रर्र. गेल्या वर्षी तिसऱ्या वळणावर मी एकदम थांबले नव्हते. आधी थोडा पाय ढिला केला, मग थोडा आणखी, आणि प्रत्येक वेळी स्वतःला सांगितलं की अजून चालूच आहे. मला आता असं चाक हवं होतं की जे मला स्वतःशी खोटं बोलू देणार नाही.

ती म्हणाली, "लाव."

जेठाच्या उन्हाआधी, एका रविवारी निघालो. मुलगा मुद्दाम नंदुरबारहून आला आणि पिकअपमध्ये वडिलांशेजारी बसला. पहिली दोन वळणं ओळखीची. तिसऱ्यावर मी मान खाली घातली आणि पुढच्या चाकाच्या तारांशिवाय काही पाहिलं नाही. ते वळण कधी गेलं तेही कळलं नाही; पुढची चढण आली तेव्हा समजलं की मागे पडलं. पाचव्यापाशी सडक जराशी सपाट झाली. पाय आपोआप थांबले. टर्रर्र. लगेच मागून हॉर्न. वळून बघायचीही सोय नव्हती, पण हॉर्न मुलाने वाजवला होता हे मला त्या वाजवण्यावरून कळलं. असा राग आला की पुढचं वळण त्या रागावरच चढले. त्यानंतर छातीत भाता चालू होता, घाम डोळ्यांत उतरत होता, पण पाय फिरत होते.

मग चढ संपला. झाडं विरळ झाली, गार वारा लागला. पिकअप पुढे येऊन थांबली, यजमान खाली उतरले. "उतर वं आते! उनूत नं वर!"

वर आलो म्हणे, आता उतर. मी उतरले नाही. त्या माणसाच्या शब्दावर वर्षभराचा राग खर्च करायचा? शिवाय पाय टेकवल्यावर कोणी म्हणालं असतं की तोरणमाळ अजून पुढे आहे, तर? कडेला एक बाई टोपलीत चारोळ्या घेऊन बसली होती. मी तिच्याभोवती सायकलची फेरी मारत विचारलं, तोरणमाळ हेच का? ती पावरी बोलणारी, मी अहिराणी. दुसऱ्या फेरीला तिला प्रश्न कळला आणि तिसऱ्या फेरीला मला तिचं उत्तर. तिने हात लांब करून दाखवला. गाव पुढे, तळ्यापाशी.

"आई, पुरे झालं," मुलगा पिकअपमधून म्हणाला. "जिंकलीस. मशीन आणत नाही. उतर."

"चढ शे का पुढे?" मी त्या बाईला हाताने चढाची खूण करून विचारलं.

तिने बोटांच्या चिमटीत दाखवलं, एवढासा.

मी मुलाला म्हटलं, "गाडी बाजूला घे," आणि तळ्याच्या वाटेला लागले.