सिस्टरबाईचे पंचवीस लेख

“थांबा, हे लिहू द्या.”

असं म्हणून ती कुठेही थांबायची. एका हातात पोराचा दंड, पोरगं सुई पाहूनच कोकलून राहिलं, आणि ही बाई दुसऱ्या हाताने मोबाईलवर अंगठा चालवते. पोराची आई चिडली की म्हणायची, “तुम्ही आता जे बोललात ते उद्यापर्यंत याद राहत नाही नं जी. मग गेलंच ते.” लिहून झालं की मोबाईल पिशवीत, आणि मग सुई. तोवर पोरगं रडून थकलेलं असायचं.

ती आमच्या उपकेंद्राची सिस्टर. नऊ वर्षं होती. वय पन्नासच्या पुढे, अंगाने जाड, गुडघे दुखरे. स्कूटी अशी चालवायची की मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून पुढे निघून जायचा. गाव नाल्याच्या त्या बाजूला, आमचा टोला, म्हणजे वस्ती, या बाजूला. तरी टोल्यात कोणाच्या म्हशीला काय झालं हेही तिला माहीत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. विचारत काहीच नाहीत, आणि त्यांना सगळं कळते.

मी दुसरीपर्यंत शिकलो. तिसरीत मास्तराने हात उगारला, मी पाटी त्याच्या पायाशी ठेवली आणि घरी आलो. परत गेलो नाही. म्हणून हे लिहिणं हळू चाललं आहे. पण टोल्यात पहिला स्लॅब माझा आहे, हे मी सगळ्यांना सांगतो, तुम्हालाही सांगून ठेवतो. आणि त्या स्लॅबवर पूर्वेच्या कोपऱ्यात मोबाईल लागते. बाकी टोल्यात कुठेच लागत नाही. टोवर डोंगराच्या पलीकडे आहे म्हणतात.

चैत्रात एक दिवस ती आली आणि म्हणाली, “बाबाजी, एक दिवस तुमचा स्लॅब पाहिजे.”

“कायले?”

“मॅरेथॉन आहे.”

मी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. “स्लॅबवर पळाल तुम्ही?”

“पळायचं नाही जी, लिहायचं आहे. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. दर अर्ध्या तासाला एक लेख, असे पंचवीस. माझा ब्लॉग आहे नं, त्याच्यावर. देशभरातले लोक लिहिणार आहेत, आपापल्या गावात बसून. वाचणारे पैसे देतात, ज्याच्या त्याच्या कामासाठी.”

“अन् तुमचं काम काय?”

“खोली.”

खोली म्हणजे उपकेंद्राच्या बाजूला एक खोली. पावसाळ्यात नाला चढला की आमच्यासारखे चार टोले तुटतात. ज्या बाईचे दिवस भरत आले तिने आठ-दहा दिवस आधीच तिथं येऊन राहायचं, म्हणजे ऐन वेळी मध्ये पाणी नको. ही गोष्ट ती नऊ वर्षं ज्याला त्याला सांगत होती. आता पावसाळ्याआधी खोली उभी करायचीच, असं तिने मनात घेतलं होतं.

हे बोलताना तिने एकदाच आमच्या अंगणात पाहिलं. सून मोहफुलं निवडत बसली होती. तिला सहावा महिना होता.

मी म्हटलं, “स्लॅब घ्या. पण आमच्या घरचं दुखणं त्यात आलं नाही पाहिजे. आम्ही मागणारे लोक नाही.”

“नाही येणार,” ती म्हणाली.

मॅरेथॉनच्या दिवशी ती साडेपाचलाच आली. स्लॅबभर मोहफुलं वाळत घातली होती. माझ्या बायकोने त्यातून झाडूने एक वाट करून दिली आणि बजावलं, “सिस्टरबाई, पाय इकडेतिकडे पडला तर मी तुमचा मोबाईल फेकतो खाली.” मी पळसाच्या फांद्यांचा मांडव घातला, वर ओलं पोतं टाकलं. बाजूला पाण्याचा माठ ठेवला. सहा वाजले आणि तिचा अंगठा सुरू झाला.

मी विचारलं, “पहिला लेख कशावर?”

“तुमच्या जिन्यावर.”

“जिन्यात काय आहे?”

“अकरा पायऱ्या, अन् कठडा नाही.”

मला राग आला. कठडा राहून गेला ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगायची काय गरज? पण ती म्हणाली, नाशिकच्या कोणीतरी वाचून लगेच पैसे पाठवले. मी जिन्याकडे पाहिलं. पैसे देण्यासारखं मला त्यात काही दिसलं नाही.

मग ते असंच चालू राहिलं. अर्धा तास झाला की लेख, लेख गेला की कुठून तरी कोणीतरी. मी खाली जायचो, बैलाला पाणी दाखवायचो, पुन्हा वर यायचो. काम होत नव्हतं. डोकं तिकडेच.

“वाचायचे पैसे आहेत का हे?”

“नाही जी. वाचणं फुकट आहे.”

“मग देतात कायले?”

“खोलीसाठी.”

“त्यांच्या घरची बाई येऊन राहिली का बाळंत व्हायला इथं?”

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही. देतात.”

हे काही मला पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. आमच्यात कोणाची बाई एक दिवस आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवायला आली, तर आपल्या घरच्या बाईने एक दिवस तिच्या बांधीत जायचं. ताप असला तरी जायचं. नाही गेली तर पुढच्या वर्षी कोणी येत नाही, आणि पानठेल्यावर आपलं नाव निघते ते वेगळं. मी तिला म्हटलं, “या लोकांच्या बांध्या कुठं आहेत ते विचारा. आम्हाला परत करावं लागेल.”

ती इतकी हसली की मोबाईल मोहफुलांत पडला. आठवा की नववा लेख तिने त्यावरच लिहिला. थोड्या वेळाने म्हणाली, “बाबाजी, ठाण्याच्या एका बाईचं उत्तर आलं. बांधी नाही म्हणते, गॅलरीत तुळशीची कुंडी आहे. आलात तर चहा देतो म्हणते.”

माझी बायको म्हणाली, “घ्या. जा आता कुंडी रोवायला.”

दुपारी ऊन चढलं. मोबाईल तव्यासारखा झाला, मग आपोआप बंद पडायला लागला. तिने तो ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या गळ्याला टेकवून ठेवला, तापाच्या पोराला पट्टी ठेवतात तसा. पंधरावा लेख कसाबसा गेला. मग ती नुसती बसून राहिली. मी नऊ वर्षांत तिला अशी रिकामी पाहिली नव्हती.

“आता डोक्यात काही उरलं नाही,” ती म्हणाली. “तुम्ही बोला काहीतरी.”

मला अजून कळत नाही मी ते काऊन बोललो. बायको खाली होती, सून झोपली होती. मी बोलून गेलो.

तीन वर्षांआधीची गोष्ट. श्रावण होता, नाला भरून वाहत होता. सुनेला पहिल्या वेळी कळा लागल्या. वरच्या अंगाला रपटा आहे, म्हणजे नाल्यातला ठेंगणा पूल, तिथून ट्रॅक्टर निघू शकत होता. टोल्यात ट्रॅक्टर एकाचाच, आणि त्याचं माझं धुऱ्यावरून भांडण. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला हातभर मातीचा बांध. त्याने तो माझ्याकडे सरकवला होता. त्या दिवशी तो स्वतः दारात आला. म्हणाला, बसवा सुनेला, मी नेतो. मी म्हटलं, तुझ्या ट्रॅक्टरवर माझ्या घरची सून बसणार नाही, पाणी उतरते आता. पोरगा माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. पाणी चार तासांनी उतरलं. खाटेवर टाकून आम्ही तिला नेलं. सून वाचली. मुलगा होता. रडला नाही.

घरात कोणी मला एक शब्द बोललं नाही. तेव्हा नाही, नंतर नाही. जेवण वाढलं, पाणी दिलं. मी बोलणी खायला तयार होतो, कोणी दिलीच नाहीत.

मला वाटलं, आता ही म्हणणार, थांबा, हे लिहू द्या. ती म्हणाली नाही. माठाजवळचा मोबाईल तिने उचललाही नाही. मग तिची नजर हातातल्या घड्याळावर गेली. दीड वाजायला आला होता, आणि अर्धा तास चुकला की त्या मॅरेथॉनमधून नाव जाते, हे तिने सकाळीच सांगितलं होतं. तिने घाईने मोबाईल सोडवला, काहीतरी दाबलं, पाठवलं.

“काय लिहिलं?” मी विचारलं.

तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. मी एकेक अक्षर लावून वाचलं. “मोहफुलं वाळत आहेत.” तेवढंच होतं.

“एवढ्यावर कोण देते?”

“पाहू,” ती म्हणाली आणि डोळे पुसले. घाम असेल.

ती सगळं लिहायची, आणि ते लिहिलं नाही. म्हणून आज मी लिहिलं. तुमच्यापैकी कोणी त्या मोहफुलांवर पैसे दिले असतील, तर ते कशाचे होते हे तुम्हाला कळावं.

संध्याकाळी सहाला पंचविसावा गेला. दिवसभर बसून तिचे गुडघे असे धरले की उठता येईना. पोराने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून एकेक पायरी उतरवली. ती प्रत्येक पायरीवर “माय वं” म्हणत होती आणि हसत होती. पैसे खोलीपुरते झाले, थोडे कमी पडले. ते कुठून आले तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

वैशाखात भिंती उठल्या, पत्रे पडले. दार लागायच्या आधी तिच्या बदलीचा कागद आला, देवरीकडे, आत जंगलात. एका छोट्या गाडीत खाट, सिलेंडर, आडवी बांधलेली स्कूटी, असा तिचा संसार गेला. जाताना टोल्यात आली. “बाबाजी, आषाढ लागला की सुनेला पाठवा. पाण्याची वाट पाहू नका.”

मी म्हटलं, “पाहू.”

मी पाहू म्हणतो म्हणजे नाही म्हणतो, हे तिला माहीत होतं.

आषाढ लागला. मी सुनेला पाठवलं नाही. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नव्हती. ज्यांच्या बांधीत आमच्या घरचं कोणी कधी गेलं नाही, ज्यांचं तोंड पाहिलं नाही, त्यांनी दिलेल्या खोलीत आपली सून कशी झोपवायची? उद्या कोणी म्हणालं, फुकटात बाळंतपण केलं, तर काय तोंड दाखवायचं? एक दिवस गेला, दुसरा गेला. आभाळ भरून होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी बायको माझ्यापुढे येऊन उभी राहिली. “तुमच्या नाकापायी एक लेकरू गेलं,” ती म्हणाली. “दुसरं मी देत नाही.”

एवढंच. तीन वर्षांनी. मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरत नाही.

गाठोडं तिने आधीच बांधलं होतं. सासू-सून पुढे, मागे पाण्याची कॅन घेऊन मी. नाल्यात गुडघाभर पाणी होतं. खोलीत दोन खाटा, एका खाटेवर दुसऱ्या टोल्याची एक बाई आधीच होती. माझ्या सुनेला पाहून ती सरकून बसली. चार दिवसांनी नाला चढला आणि दोन दिवस उतरला नाही. त्या दोन दिवसांतच नव्या सिस्टरचा फोन आला. पोरगा स्लॅबवरून ओरडत खाली आला. मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत.

मला आधी सिस्टरबाईला सांगायचं होतं. तिचा नंबर लागेना. पोराने तिचा ब्लॉग उघडून दाखवला. शेवटचा लेख त्या दिवसाचाच, पंचविसावा. त्यानंतर काही नाही.

मी विचारलं, “ती तर बदलून गेली. मग हे कुठं आहे आता?”

“तिथंच राहते, बाबा.”

“तिथं म्हणजे कुठं?”

त्याने मोबाईल खिशात टाकला आणि बैलाला पाणी दाखवायला गेला.

सून घरी आली, नाला उतरला, रोवणी सुरू झाली. आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. पैसे देणाऱ्यांच्या बांध्या सापडणार नाहीत, हे मला कळून चुकलं होतं. पण सिस्टरबाईचा भाऊ अर्जुनीकडे शेती करते, हे ती एकदा बोलली होती. मी, बायको आणि शेजारच्या दोघी, असे चौघे पहाटेच निघालो. गोंदियाला गाडी बदलली. त्या दोघींच्या बांधीत आता आम्हाला एकेक दिवस जावं लागणार, ते वेगळंच.

भाऊ बांधीवरच भेटला. बारीक माणूस, कमरेला टॉवेल. “ताई इथं राहत नाही,” तो म्हणाला. “दिवाळीला आली तर आली. काय काम होतं?”

“बांधी रोवायची आहे.”

त्याने आम्हाला खालीवर पाहिलं. “मजूर लागले आहेत जी माझे. मजुरी किती घेता तुम्ही?”

“मजुरीचं नाव काढू नका.”

तो गोंधळला. त्याची बायको पदराआडून हसली. शेवटी त्याने कोपऱ्यातली एक बांधी दाखवली, म्हणजे आम्ही लवकर जाऊ असं त्याला वाटलं असेल. मी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून जुड्या बांधल्या, चिखलात फेकत गेलो. बायका वाकून मागे मागे सरकत रोवत गेल्या. दुपारपर्यंत बांधी भरली. त्याच्या बायकोने चहा आणला. मी सांगितलं काहीच नाही. काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, ते मला जुळवता येत नव्हतं.

निघताना तो म्हणाला, “ताईला कोण आलतं म्हणून सांगू?”

“सांगा, एक बांधी रोवून गेले.”

“अन् तिला नाही कळलं तर?”

“नाही कळलं तर नाही कळलं.”

धुऱ्यावरून परत येताना मी एकदा मागे पाहिलं. नवीन रोवलेलं पऱ्हं दोन-चार दिवस मान टाकून पाण्यावर पडून राहते. मेलं की जगलं ते कळत नाही. मग एका सकाळी उभं होते. ते पाहायला आम्ही थांबलो नाही. दीडची गाडी होती.