चौसष्ट ग्रॅमचा फरक

या जगात एकही वस्तू धड नाही, फक्त तिची नीट तपासणी झालेली नाही, यावर माझ्या मामेसासऱ्यांइतका गाढ विश्वास असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बेंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात ते छत्तीस वर्षं तपासणी विभागात होते. तयार माल उलटापालटा करून बघायचा, चांगला असेल तर हिरवं लेबल लावायचं, खराब असेल तर लाल आणि काही कळत नसेल तर पिवळं, हे त्यांचं काम. कारखान्यानं त्यांना रीतसर हार घालून निवृत्त केलं, पण ते स्वतः काही निवृत्त झाले नाहीत. चामराजपेटेतल्या त्यांच्या घरात गॅसच्या लायटरला पिवळं लेबल आहे, पाहुण्यांच्या एका खुर्चीला लाल आहे (त्यामुळे त्या खुर्चीत बसलेला पाहुणा फार वेळ थांबत नाही), आणि हिरवं लेबल आजवर फक्त कॉफीच्या पितळी फिल्टरला मिळालेलं आहे. “मला अजून पिवळंच आहे,” असं मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मामा ते नाकारत नाहीत.

मी पुण्याहून नोकरीसाठी इथं आलो आणि इथल्याच एका जुन्या मराठी घराण्यात माझं लग्न जमलं. शेकडो वर्षांपूर्वी इकडं येऊन राहिलेली ही माणसं मराठी बोलता बोलता कधी कानडीत शिरतात ते त्यांचं त्यांना कळत नाही. मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळ्यांनी पगार, पत्रिका, पुण्यातलं घर वगैरे विचारलं. मामा कोपऱ्यात बसून माझ्याकडे भिंग न लावता पण भिंग लावल्यासारखं बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “तुमच्यात दोष काय?” मी आपलं नम्रपणे म्हणालो, “तसं विशेष काही नाही.” त्यांनी मान हलवली आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंना, म्हणजे आपल्या थोरल्या बहिणीला म्हणाले, “अक्का, यांची तपासणी झालेली नाही.” तरीही लग्न झालं. माझे दोष पुढे बायकोनं नुसत्या डोळ्यांनीच शोधून काढले, भिंग लागलं नाही.

मामांच्या शास्त्रात एकच मंत्र आहे: एका वेळी एकच बदल. एकदा मामींचं सार बिघडलं. मामींनी चिंच बदलली होती आणि मसाला पण बदलला होता. “दोन्ही एकदम बदललंस, आता दोष कुणाचा ते देवाला तरी कळेल का?” असं म्हणून मामांनी लागोपाठ चार दिवस सार करायला लावलं आणि चारी दिवस ते खाल्लं. दोष मसाल्याचा निघाला. तोवर मामींनाही साराचा वास नकोसा झाला होता, पण मामांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातसुद्धा पाहिलं नाही. खोकला झाला तेव्हा डॉक्टरांनी तीन गोळ्या लिहून दिल्या. मामांनी पहिल्या आठवड्यात एक घेतली, दुसऱ्या आठवड्यात ती बंद करून दुसरी घेतली. तिसऱ्या आठवड्यात खोकला आपोआप गेला. “म्हणजे आता तिसरी गोळी काम करते की नाही, कधीच कळणार नाही,” असं ते फार हळहळून डॉक्टरांना सांगायला गेले. डॉक्टरांनी त्यांना डॉक्टर बदलायचा सल्ला दिला. मामांना तो पटला, कारण तो एकच बदल होता.

अशा माणसाला आपण होऊन बसवनगुडीच्या आमच्या घरी बोलावण्याची माझी छाती झाली नसती, पण प्रश्न बायकोच्या प्रबंधाचा होता. नाचणीच्या मुळांशी एक जिवाणू सोडला तर पीक जास्त येतं का, हा तिचा विषय. नऊ वर्षं चाललं होतं. मध्ये मुलगी झाली, सासूबाईंचं आजारपण झालं, महामारी झाली, आणि प्रत्येक वेळी मुदत वाढवून घ्यावी लागली. शेवटी विद्यापीठानं कळवलं की आता वाढ नाही. पंधरा दिवस उरले होते आणि नेमका तिचा लॅपटॉप मरायला लागला. काम रंगात आलं की पडदा निळा व्हायचा, त्यावर एक रडका चेहरा यायचा, आणि तो बघून बायकोचाही चेहरा तसाच व्हायचा. मी माझ्या परीनं सगळे उपाय केले, म्हणजे तो बंद करून चालू केला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं प्रबंध तेवढा बाजूला काढून बाकी सगळं पुसून नव्यानं भरून दिलं आणि “आता दहा वर्षं बघायला नको,” म्हणाला. घरी येईपर्यंत तो परत निळा झाला होता. मग बायकोनं फोन उचलला आणि म्हणाली, “मामा, या.”

मामा बसनं आले. हातात स्टीलचा डबा, काखेत जाड वही. आल्या आल्या लॅपटॉपला हात लावतील तर शपथ. आधी आमच्या जबान्या घेतल्या. कधी बंद पडला, किती वाजता, शेजारी मिक्सर चालू होता का, खोलीत कोण होतं. “मिक्सरचा काय संबंध?” मी विचारलं. “संबंध आहे असं कुठं म्हणालो? लिहून घेतो आहे,” ते म्हणाले. दोन दिवस नोंदी झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “चौदा वेळा बंद पडला. त्यातल्या अकरा वेळा जावईबापू घरात होते.” बायको माझ्याकडे एका वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. एका वेळी एकच बदल, या नियमानं पहिला बदल म्हणून मलाच घरातून काढण्यात आलं. मी सकाळपासून बागेतल्या बाकावर बसून ऑफिसचं काम केलं. तीन वाजता फोन आला. “बंद पडला, या परत,” मामा म्हणाले. मी निर्दोष सुटलो, पण त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती हे मला आजही वाटतं.

मग चार्जर बदलून झाला. लॅपटॉप गरम होतो का म्हणून तो दोन उपड्या वाट्यांवर ठेवून झाला. सगळे सुटत गेले तेव्हा मामा म्हणाले, “आता मेमरी.” मेमरी म्हणजे लॅपटॉपच्या पोटातल्या दोन हिरव्या पट्ट्या, काम चालू असताना यंत्र सगळे आकडे तिथं मांडून ठेवतं. त्या तपासायचा एक प्रोग्रॅम असतो, तो चालवला. पहिली फेरी स्वच्छ निघाली. मी म्हणालो, “चला, मेमरी सुटली.” मामा म्हणाले, “स्वल्प थांबा हो. चोर पहिल्याच फेरीत सापडला असता तर कारखान्यानं मला छत्तीस वर्षं पगार कशाला दिला?” चौथ्या फेरीत पडद्यावर लाल ओळी उमटल्या. मामांनी आनंदानं मांडीवर थाप मारली. मग एक पट्टी काढून दुसरी तपासली, पहिली तिच्या जागी घालून तपासली, जागांची अदलाबदल करून तपासलं, कारण दोष पट्टीचा आहे की खाचेचा, हे ठरायला हवं. पट्टीला हात लावण्याआधी दर वेळी ते नळाला हात लावून येत, अंगातली वीज उतरावी म्हणून; आणि मलाही लावायला लावत, मी खोलीच्या दाराशी उभा असलो तरी. दुसऱ्या दिवशी दुपारी एका पट्टीला लाल लेबल लागलं. नवीन पट्टी आली, लॅपटॉप सुतासारखा सरळ चालायला लागला. बायकोनं मामांच्या पाया पडून म्हटलं, “सुटले मी. आठ दिवस आहेत, छापायला टाकते.”

“छापायला?” मामा म्हणाले. “माल थांबव.”

कारखान्याचा नियम असा, की मशीन दोषी ठरलं की शेवटच्या चांगल्या तपासणीपासून त्यावर जेवढा माल निघाला तेवढा सगळा संशयित. “या पट्टीवर तू आकडे भरलेस ना, पुट्टी? मग ते आकडे पिवळे.” पुट्टी म्हणजे छोटी, छोटीचं वय तेव्हा एक्केचाळीस होतं. ती आधी हसली, मग चिडली, आणि मग रडायलाच लागली. “मामा, नऊ वर्षं! लॅपटॉप बंद पडत होता, एवढंच. आकडे बरोबर आहेत.” मामा गोंधळले. कुणी रडत असेल तर काय करायचं हे तपासणी विभागात शिकवलेलं नव्हतं. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “असतीलही गं. पण बघितल्याशिवाय कसं म्हणायचं?” त्या क्षणी मला त्यांचा फार राग आला होता, हे मी लपवत नाही.

पण ती त्यांचीच भाची. डोळे पुसून उठली आणि शेतातल्या मूळ वह्या काढल्या, मातीचे डाग पडलेल्या, पेन्सिलनं लिहिलेल्या. तीन दिवस मामा वहीतला आकडा मोठ्यानं वाचत होते आणि ती पडद्यावर बघून “सरी”, म्हणजे कानडीत बरोबर, म्हणत होती. मामींनी डबे पाठवले, मी कॉफी केली. शेकडो आकडे “सरी” होत गेले आणि आमचा सगळ्यांचा जीव थोडा थोडा खाली बसायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा म्हणाले, “कोरड्या वर्षाचा, जिवाणू सोडलेला चौथा वाफा, एकशे चौसष्ट ग्रॅम.” “सरी” म्हणायच्या ऐवजी तिनं आकड्यावर बोट ठेवलं. पडद्यावर दोनशे अठ्ठावीस होते.

“टाइप करताना चुकलं असेल,” मी म्हणालो. मामांनी वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी केली आणि एकदम उभेच राहिले. “चौसष्ट! बरोबर चौसष्टचा फरक! यंत्र दुपटीनं मोजतं बघा: एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. यातला एकच ठिपका शून्याचा एक झाला की आकडा नेमका एवढा वाढतो. ही माणसाच्या हाताची चूक नाही, पुट्टी, ही त्या पट्टीचीच—” एवढं बोलून त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि ते हळूच खाली बसले.

तिनं नव्यानं हिशेब मांडला. पाऊस चांगला झाला त्या वर्षांत जिवाणूनं पीक वाढवलं होतं, ते तसंच राहिलं. पण कोरड्या वर्षातला फायदा त्या एका वाफ्यावरच उभा होता, तो गेला. प्रबंधाचा कणा शाबूत होता, पण त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट, जिच्यासाठी ती नऊ वर्षं नाचणीच्या रानात उन्हातान्हात फिरली होती, तीच गेली. तिनं शेवटच्या प्रकरणातली पानं काढून टाकली आणि नवीन लिहायला बसली. मुदतीच्या आदल्या दिवशी प्रबंध दाखल झाला, आणि पुढे यथावकाश पदवीही मिळाली.

दाखल केला त्या संध्याकाळी आम्ही पेढे घेऊन चामराजपेटेला गेलो. एरवी दोष सापडला की मामा आठवडाभर त्याची कथा सांगत फिरतात. त्या दिवशी त्यांनी विषयच काढला नाही. पेढा हातातच धरून बसले होते. मामी म्हणाल्या, “तीन दिवस झाले, असेच गप्प आहेत. विचारलं तर म्हणतात, मी वाचलंच नसतं तर बरं झालं असतं.” छत्तीस वर्षं दोष शोधणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला कसंतरीच झालं.

“मामा,” बायको म्हणाली, “खोटं छापलं असतं ते. कुणा शेतकऱ्यानं कोरड्या सालात त्याच्यावर भरवसा ठेवला असता.”

“ते कळतं गं मला,” ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “काय लिहिलं होतंस तिथं? काढलंस ते?”

मग इंग्रजीतलं ते वाक्य तिनं मराठीत सांगितलं, पाठच होतं तिला. “ज्या वर्षी आभाळ पाठ फिरवतं, त्या वर्षी मातीतला हा एवढासा जीव नाचणीच्या मुळांना धरून ठेवतो.”

मामांनी डोळे मिटून ते ऐकलं. त्यांच्या हातातला पेढा तसाच होता.

“छान होतं गं,” ते म्हणाले. “परत एकदा म्हण.”

आणि तिनं ते परत एकदा म्हटलं.